घरावरील विजेचा सर्व्हिस पाईप : तो केव्हां व कसा बदलावा

विहिरीवरील पंप बंद पडला तर शेतकरी त्याच दिवशीं वायरमनाकडे धांव घेतो; परंतु घरावरील विजेचा पाईप कलला, त्याचा तळ गंजला, क्लॅम्प भिंतींतून सुटले, तरी तो वर्षानुवर्षें तसाच उभा राहतो. याचें कारण उघड आहे. पाईप कलल्यानें वीज बंद होत नाहीं. दिवे लागतात, पंखा फिरतो, पिठाची घरगुती चक्कीहि चालते; मग कांहीं बिघडलें आहे असें मनास वाटतच नाहीं. पण हा बिघाड ज्या दिवशीं आपण होऊन प्रकट होतो, तो दिवस बहुधा वादळपावसाचा असतो, आणि त्यांत माणूस अगर जनावर दगावतें. म्हणून या साध्या वाटणाऱ्या वस्तूचा विचार आमच्या वाचकांपुढें थोडा सविस्तर मांडावा, असें आम्हांस वाटतें.

आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत खेडोपाडीं वीज एकाच वेळीं आली नाहीं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० सालीं स्थापन झालें. त्यानंतर गांवोगांवीं खांब उभे राहूं लागले. मंडळाचें विभाजन होऊन २००५ सालापासून वितरणाचें काम महावितरण कंपनी पाहते. २०१७ सालीं सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेंत राहिलेल्या घरांस जोडण्या देण्याचें काम हातीं घेतलें गेलें. अर्थात् एकाच गल्लींत कोठें आजोबांच्या हातचा पाईप आहे, तर कोठें कालपरवांचा. मधल्या काळांत घरें मात्र बदललीं. माळवदावर पत्रे चढले, पत्र्यांच्या जागीं स्लॅब आला, बैलगाडीच्या वाटेनें ट्रॅक्टरची ट्रॉली येऊं लागली, घरांत फ्रीज, पाण्याची मोटार व चारा कापण्याचें यंत्र आलें. पाईप व त्यांतील वायर तेवढी जुन्या हिशेबाचीच राहिली.

पाईप व त्याचे भाग

खांबावरून घरापर्यंत जी वायर येते तिला सर्व्हिस वायर म्हणतात. ही वायर स्वतःच्या बळावर लोंबकळूं नये म्हणून तिच्या जोडीस एक जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार ओढलेली असते. तिला बेअरिंग वायर म्हणतात. सर्व ताण हिनें सोसावयाचा; सर्व्हिस वायरीनें केवळ वीज न्यावयाची. घराकडील टोंकास ही तार चिनी मातीच्या बॉबिनास बांधलेली असते व बॉबिन पाईपास जखडलेला असतो. पाईप भिंतीस क्लॅम्पनीं धरलेला असतो. वायर त्याच्या वरच्या तोंडांतून आंत शिरून खालीं मीटरच्या पेटींत उतरते. तेथून कटआऊट, मेन स्विच व मग घरांतील वायरिंग असा क्रम असतो.

यावरून लक्षांत येईल कीं, सर्व्हिस पाईपाला तीन कामें एकाच वेळीं करावीं लागतात. तो तारेचा ताण सोसणारा खांब आहे, वायरीला उंच धरणारा दांडा आहे, आणि पावसापासून तिचें रक्षण करणारी नळीहि आहे. पाईप बदलतांना या तिन्ही कामांचा निराळा निराळा विचार केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं तो केवळ नळी समजून बदलला जातो, व सर्व अनर्थ तेथूनच सुरू होतो.

घरांतील कोणताहि स्विच पाईपाची वीज बंद करीत नाहीं

या लेखांतील एकच गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावयाची असेल तर ती ही होय. मेन स्विच बंद केला, एम. सी. बी. खालीं पाडली, कटआऊटचा फ्यूज काढून खिशांत ठेवला, तरी वीज बंद होते ती त्या जागेच्या पुढची. पाईप त्या जागेच्या मागें आहे. त्यांतील वायर खांबावरच्या तारेस थेट जोडलेली असून, खांबावरून ती सोडवीपर्यंत तिच्यांत २३० व्होल्टचा दाब अखंड असतो. घर अंधारांत आहे म्हणून पाईप निर्जीव आहे, असें समजून गवंडी किंवा पत्रे बसविणारा कारागीर त्यास हात घालतो, आणि येथेंच घात होतो.

गळती ओळखून तुटणारा आर. सी. सी. बी. नांवाचा स्विच हल्लीं पुष्कळ घरांत बसवितात. तो अवश्य बसवावा. ३० मिलिअँपिअर गळती होतांच तुटणाऱ्या या स्विचानें घरांत पुष्कळ जीव वांचतात. पण तोहि मीटरच्या पुढेंच असतो. पाईपांत वायर सोलून पाईप जिवंत झाला, तर ती गळती या स्विचांतून जातच नाहीं, आणि म्हणून तो तुटतहि नाहीं.

अर्थिंग असलें तरी निर्धास्त राहूं नये

पाईपास अर्थिंग केलें आहे, मग भय कसलें, असें कित्येकांस वाटतें. याचा हिशेब करून पाहूं. समजा, घराच्या अर्थिंगचा व वाटेंतील जमिनीचा मिळून विरोध १० ओहम आहे. पाईपांत वायर उघडी पडून पाईपाला लागली, तर २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर प्रवाह जमिनींत जाईल. डी. पी.वरील, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळील फ्यूज सबंध गल्लीचा भार वाहण्याकरितां घातलेला असतो. तो २३ अँपिअरांनीं वितळणार नाहीं. म्हणजे अर्थिंग असूनहि वीज चालू राहील, पाईपावर मोठा दाब तसाच राहील आणि घरांत कोणास कांहीं कळणार नाहीं. ओल्या अंगाचा विरोध सुमारें १००० ओहम धरला तर अशा पाईपास हात लावणाऱ्याच्या अंगांतून २०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊं शकतो. आणि ५० मिलिअँपिअर प्रवाहहि छातींतून गेला तर हृदयाची गति बिघडूं शकते.

आमच्याकडील काळ्या जमिनींत आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यांत ही जमीन भेगाळते व अर्थिंगच्या नळीभोंवतालची माती सुटते. पावसाळ्यांत दहा ओहम असलेला विरोध वैशाखांत कितीतरी वाढतो. म्हणून अर्थिंगची नळी निदान अडीच मीटर खोल असावी, शक्य तर काळी माती ओलांडून ओलसर थरांत जावी, आणि उन्हाळ्यांत तेथें पाणी ओतीत जावें. अर्थिंग हवेंच. तथापि खरें रक्षण अर्थिंगनें नव्हे, तर पाईपांत वायर मुळींच सोलूं नये अशी व्यवस्था केल्यानें होतें.

याच कारणास्तव पाईपास कपडे वाळत घालण्याची तार बांधूं नये, म्हशीचें दावें अडकवूं नये, डिशची छत्री किंवा लग्नकार्यांतील दिव्यांच्या माळा त्यावर टांगूं नयेत. पाईप जिवंत झाला तर ओल्या कपड्यांची तार हेंच मृत्यूचें दार होतें. पाडव्यास गुढी उभारतांनाहि काठी व तिच्यावरील गडू सर्व्हिस वायरीपासून दूर राहील, अशी जागा निवडावी.

पाईप केव्हां बदलावा

पुढील चिन्हांपैकीं एकहि दिसल्यास पाईप तपासून घ्यावा. पहाणी जमिनीवरूनच व हात न लावतां करावी.

१. पाईप खांबाच्या दिशेनें कलला आहे, किंवा क्लॅम्पभोंवतीं भिंतीस भेगा पडल्या आहेत.

२. पाईपाच्या तळाशीं, क्लॅम्पखालीं किंवा स्लॅबमधून जातो त्या जागीं गंजाचे पापुद्रे सुटले आहेत. पाणी सांचतें तेथेंच तो आंतून खातो.

३. वरच्या तोंडाशीं वायरीचें आवरण उन्हानें तडकलें आहे, किंवा पाईपाचा कांठ वायरीस कापतो आहे.

४. बेअरिंग वायर तुटून सर्व ताण सर्व्हिस वायरीवर आला आहे.

५. घर वाढविल्यामुळें वायर छतावरून हात पोंचेल इतकी खालीं आली आहे, किंवा पाईप नव्या पत्र्यांस टेकला आहे.

६. वारा सुटला कीं दिवे मिणमिणतात, किंवा पाऊस पडतांच पाईपापाशीं चरचर असा आवाज येतो.

यांपैकीं शेवटचें चिन्ह सर्वांत वाईट. तें आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावें आणि मुलांस व जनावरांस त्या भिंतीपासून दूर ठेवावें.

कोणीं काय करावयाचें

खांबावर चढून वायर सोडण्याचा व जोडण्याचा अधिकार कंपनीच्या माणसाचा आहे. मीटरचें सील तोडणें, किंवा आपल्याच हातानें मीटर सोडून पुन्हां जोडणें हा विद्युत अधिनियम २००३ च्या १३८ व्या कलमाखालीं गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु शिक्षेपेक्षां जिवाचें भय मोठें आहे. गांवांत आंकडा टाकून खांबावर सराईतपणें चढणारा एखादा पोरगा असतो. शंभर दोनशें रुपये दिले कीं तो काम करून देतो. खांबावरील वीज बंद आहे कीं नाहीं हें त्यास कळावयास साधन नसतें. अशा पोरास खांबावर चढविणारा घरधनी त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्या शिरावर घेत असतो, हें त्यानें विसरूं नये.

तेव्हां रीत अशी ठेवावी. प्रथम शाखा कार्यालयांत कनिष्ठ अभियंत्याच्या नांवें लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. अर्जांत ग्राहक क्रमांक लिहून, पाईप धोक्याचा झाला आहे कीं घर बदलल्यामुळें जागा हलवावयाची आहे, हें स्पष्ट लिहावें. सर्व्हिसची जागा ग्राहकाच्या सोयीसाठीं बदलावयाची असल्यास त्याचा खर्च ग्राहकास द्यावा लागतो. तो आधीं लेखी मागून घ्यावा. भिंतीवरील पाईप, क्लॅम्प व घरांतील वायरिंग हें काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल घ्यावा. पुरवठादारानें ग्राहकाच्या जागेंत पुरवठ्याच्या आरंभाशीं अर्थचें टर्मिनल द्यावें व सुस्थितींत ठेवावें, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांचा दंडक आहे. तें नसल्यास त्याच अर्जांत मागावें.

उंचीचा हिशेब

पाईप किती उंच असावा, हें दुकानांत मिळणाऱ्या नळीच्या लांबीवरून ठरवावयाचें नसून वायरीच्या सर्वांत खालच्या जागेवरून ठरवावयाचें असतें. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेलीं मापें अशीं आहेत : वायर रस्ता ओलांडून जात असेल तर तिचा कोणताहि भाग जमिनीपासून ५.८ मीटरांपेक्षां, म्हणजे १९ फुटांपेक्षां, खालीं येतां कामा नये; रस्त्याच्या कडेनें जात असेल तर ५.५ मीटर, म्हणजे १८ फूट. सर्व्हिस वायरीसहि हा नियम लागू आहे. कमी दाबाची उघडी तार घरावरून जात असल्यास छताच्या सर्वांत उंच जागेपासून ती अडीच मीटर वर व बाजूनें जात असल्यास भिंतीपासून १.२ मीटर दूर पाहिजे.

आतां एक उदाहरण घेऊं. फुलंब्री तालुक्यांतील एखादें घर कल्पावें. रस्त्याच्या पलीकडील खांबावर वायर २१ फुटांवर बांधली आहे. घराची भिंत ११ फूट उंच, व पाईप भिंतीच्या वर ५ फूट. म्हणजे घराकडे वायर १६ फुटांवर. दोहोंची सरासरी साडेअठरा फूट. मध्यभागीं वायरीचा झोळ दीड फूट धरला, तर तेथें वायर जमिनीपासून १७ फुटांवर राहिली. नियम १९ फुटांचा. तेव्हां दोन फूट कमी पडले. हे दोन फूट कागदावर लहान दिसतात. पण कडब्यानें शिगोशीग भरलेली ट्रॉली व तिच्यावर बसलेला गडी यांच्या दृष्टीनें तेच जीवनमरणाचें अंतर होय.

येथें पुष्कळांस मोह होतो कीं, झोळ काढून वायर ताणून घ्यावी, किंवा पाईपच उंच घ्यावा. झोळ तसाच ठेवून मध्यभागीं १९ फूट साधावयाचे तर घराकडील टोंक २० फुटांवर न्यावें लागेल. म्हणजे पाईप भिंतीच्या वर ९ फूट हवा. इतका उंच पाईप आमच्या वळवाच्या वाऱ्यांत टिकणें कठीण. अशा जागीं योग्य उपाय हा कीं, रस्त्याच्या अलीकडे घराजवळ एक खांब मागावा, म्हणजे रस्ता खांबाखांबांमध्येंच उंचावरून ओलांडला जातो व तेथून घरापर्यंतची लहान सर्व्हिस साध्या पाईपावर येते. अंतर थोडें असल्यास जमिनीखालून चिलखती केबल आणणें हा दुसरा उपाय. दोहोंस खर्च अधिक लागतो खरा. पण तो एकदांच लागतो.

ताणाचा हिशेब

वायर ताणून घेतली तर काय होतें, हेंहि आंकड्यांनीं पहावें. खांब व घर यांत ६६ फूट अंतर आहे व सर्व्हिस वायर आणि बेअरिंग वायर मिळून त्या अंतरांत सुमारें चार किलो वजन आहे, असें धरूं. हिशेबाची रीत सोपी आहे : वजनास अंतरानें गुणावें व झोळाच्या आठपटीनें भागावें. दीड फूट झोळ ठेवला तर ताण २२ किलो येतो. झोळ पाऊण फूट केला तर ४४ किलो. वायर सुतासारखी सरळ दिसावी म्हणून झोळ चारच इंच ठेवला, तर ताण ९९ किलोंवर जातो. वजन तेंच, अंतर तेंच. केवळ झोळ काढल्यानें ताण साडेचारपट झाला. यांत वाऱ्याचा झोत धरलेला नाहीं.

हा ताण क्लॅम्पवर तसाच्या तसा येत नाहीं. पहारीनें दगड उलथावा तसा वाढून येतो. वायर वरच्या क्लॅम्पच्या ५ फूट वर बांधली असून वरच्या व खालच्या क्लॅम्पांत ४ फूट अंतर आहे, असें समजा. ताण २२ किलो असतां वरच्या क्लॅम्पवर सुमारें ५० किलो ओढ येते. तेच दोन क्लॅम्प दोन फुटांच्या अंतरावर ठोकले तर ओढ ७७ किलो होते. आणि वायर चार इंच झोळावर ताणलेली असेल तर चार फुटांच्या क्लॅम्पांतहि ती सव्वादोनशें किलोंच्या घरांत जाते. पांढऱ्या मातीच्या भिंतींत ठोकलेली खुंटी हें किती दिवस सोशील ?

यावरून तीन नियम निघतात. झोळ वाजवी ठेवावा. क्लॅम्प निदान तीन असून वरचा व खालचा यांत जितकें अंतर ठेवतां येईल तितकें ठेवावें. पाईप भिंतीच्या वर चार पांच फुटांहून अधिक काढावा लागत असेल तर खांबाच्या उलट दिशेनें ताणतार द्यावी, व ती अशा जागीं बांधावी कीं येतां जातां तिला हात लागूं नये. तिच्यांत ताणाचा बॉबिन घालावा.

घराप्रमाणें जागा

आमच्या भागांत घरें मुख्यतः तीन प्रकारचीं आढळतात; प्रत्येकाची रीत निराळी.

माळवदाच्या घराची भिंत दगड व पांढरी माती यांची असते. ती रुंद असली तरी तिला खिळा किंवा स्क्रू धरत नाहीं; पावसाळ्यांत भिंत भिजली कीं क्लॅम्प सुटतो. येथें उत्तम मार्ग म्हणजे पाईप भिंतीस न टांगतां भिंतीलगत जमिनींत रोवलेल्या स्वतंत्र लोखंडी खांबास धरावा. एकूण लांबीच्या निदान सहाव्या भागाइतका खांब जमिनींत जावा. काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यावा व भोंवतीं काँक्रीट भरावें. हें शक्य नसल्यास भिंतींतून आरपार बोल्ट घालून आंतून लोखंडी पट्टी द्यावी. माळवदाला भोंक पाडून पाईप कधींहि वर काढूं नये. तेथून पाणी मुरून लाकडें कुजतात.

पत्र्याच्या घरांत सर्वांत अधिक जपलें पाहिजे. पाईप पत्र्यास किंवा पत्र्याखालील लोखंडी अँगलास टेकला असतां वायर सोलल्यास सबंध छप्परच जिवंत होतें. म्हणून पाईप पत्र्यांतून न काढतां बाहेरील बाजूस स्वतंत्र खांबावर घ्यावा, व पत्रे आणि पाईप यांत निदान हातभर मोकळी जागा ठेवावी.

विटांच्या पक्क्या घरांत पाईप मुख्य भिंतीस धरावा. कठड्याची चार इंची भिंत ताण सोसण्यासाठीं नसते. तिला क्लॅम्प मारल्यास वादळांत पाईपासह कठडाहि अंगणांत येतो. पुढें दुसरा मजला चढवावयाचा बेत असेल, तर पाईपाची जागा तेव्हांच विचारांत घ्यावी.

शेतांतील आखाड्यावर व विहिरीच्या स्टार्टरपेटीपाशीं पुष्कळदां पाईपच नसतो; बांबूवर वायर टेकवून काम भागविलेलें असतें. बांबूला वाळवी लागते व ओला झाला म्हणजे तो विजेस अडवीत नाहीं. वर सांगितलेला स्वतंत्र खांब तेथेंहि उभा करावा.

पाण्याचा बंदोबस्त

पाईपाचें तोंड आकाशाकडे उघडें ठेवल्यास पहिल्याच पावसांत पाणी सरळ मीटरच्या पेटींत उतरतें. म्हणून वरच्या टोंकास उलटा बाक देऊन तोंड जमिनीकडे करावें. कापलेल्या पाईपाचा कांठ सुरीसारखा असतो. तो कानशीनें घासून त्यांत रबराचें किंवा प्लॅस्टिकचें बुश बसवावें. दोन रुपड्यांच्या या वस्तूवर सबंध पाईप जिवंत होणें न होणें अवलंबून असतें. वायर तोंडांत शिरण्यापूर्वीं तिला तोंडाच्या खालीं जाईल असा वळसा द्यावा. म्हणजे वायरीवरून ओघळणारें पाणी वळशाच्या तळाशीं थेंब थेंब गळून जातें, आंत शिरत नाहीं. पाईपांतील वायर खांबापासून मीटरपर्यंत अखंड असावी. नळीच्या आंत सांधा कदापि करूं नये. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेस नुसती पिळून जोडल्यास ओलाव्यानें तो सांधा खाऊन तापतो. अशा सांध्यास दोन्ही धातूंस चालणारा कनेक्टरच वापरावा.

कामाचा क्रम

१. काम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत घ्यावें. वळवाचे वारे सुरू झाल्यावर घेऊं नये.

२. पाईप कापणें, बाक देणें, आंटे पाडणें, बुश बसविणें, रंग देणें आणि त्यांतून नवी वायर ओंवून ठेवणें, हीं सर्व कामें आधींच जमिनीवर उरकावीं. स्वतंत्र खांबाचा खड्डाहि खणून ठेवावा.

३. ठरल्या दिवशीं कंपनीच्या माणसानें खांबावरून सर्व्हिस सोडावी : आधीं फेज, शेवटीं न्यूट्रल. ती सुटेपर्यंत शिडी भिंतीस लावूं नये व वीस फुटी पाईप उभाहि करूं नये. उभा करतांना तोल जाऊन तो तारांवर पडणें हा नेहमींचा अपघात आहे.

४. घरांत इन्व्हर्टर किंवा जनरेटर असल्यास तो बंद करून वायरिंगपासून तोडावा. नाहीं तर वीज उलट्या वाटेनें येऊं शकते. छतावर सौर पटलें असल्यास जाळ्याची वीज जातांच त्यांचा इन्व्हर्टर थांबतो, परंतु पटलांपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत ऊन आहे तोंवर दाब असतो, हें विसरूं नये.

५. सोडलेली वायर दिव्यानें व टेस्टरनें दोन्ही प्रकारें तपासावी. आधीं तोच टेस्टर चालू जागीं लावून चालतो कीं नाहीं हें पहावें.

६. मग जुना पाईप दोर बांधून उतरवावा, नवा उभा करावा, ओळंब्यानें सरळ करून क्लॅम्प आंवळावे, अर्थिंगची तार जोडावी.

७. बेअरिंग वायर बांधून झोळ मोजावा व बांबूवर खुणा करून रस्त्यावरील उंची मापावी. हें माप काम चालू असतांच घ्यावें.

८. जोडतांना आधीं न्यूट्रल, मग फेज. तीन फेजच्या जोडणींत न्यूट्रल सैल राहिला तर कांहीं उपकरणांवर दुपटीच्या जवळपास दाब येऊन तीं जळतात. म्हणून मेन स्विच चालू करण्यापूर्वीं मीटरपाशीं दाब मोजून घ्यावा.

अपघात झालाच तर

पाईपास कोणी चिकटल्याचें दिसल्यास त्यास हातानें ओढूं नये. मेन स्विच बंद करून उपयोग नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. वीज खांबावरून किंवा डी. पी.वरून बंद करण्यासाठीं तत्काळ १९१२ वर व गांवांतील लाइनमनास कळवावें. स्वतः कोरड्या लांकडी फळीवर उभें राहून कोरड्या लांकडानें त्या माणसास दूर लोटतां आलें तर लोटावें. जमीन ओली असेल तर तेंहि करूं नये. सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां जोरानें दाब देत रहावें व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. विजेच्या धक्क्यानें निपचित पडलेला माणूस मेलाच असें समजून प्रयत्न सोडूं नये.

उपसंहार

चार हात लांबीच्या नळीचा हा विस्तार कित्येकांस अधिक वाटेल. परंतु घराच्या सर्व वायरिंगमध्यें हीच एक जागा अशी आहे कीं, जेथें घरधन्याच्या हातांत बंद करण्याची कळ नाहीं. जेथें आपल्या हातीं कळ नाहीं, तेथें आधींचा बंदोबस्त हेंच एक शस्त्र असतें. आमच्या शेतकरी बंधूंनीं या महिन्यांत एका सकाळीं घरासमोर उभें राहून आपला पाईप, त्याचा तळ, क्लॅम्प व वायरीचा झोळ नीट पहावा. आखाड्यावरची वायरहि पहावी. कांहीं उणें आढळल्यास त्याच आठवड्यांत अर्ज द्यावा. गल्लींतील पांचदहा घरांचे पाईप सारखेच जुने असतील तर सर्वांनीं मिळून एकच अर्ज करावा; कंपनीस एका दिवसांत गल्ली बंद ठेवून काम उरकतां येतें, कंत्राटदाराचा फेरा वांचतो आणि रस्त्यावरील उंचीहि सर्वत्र सारखी साधतां येते. पेरणीपूर्वीं औत, दोर व बियाणें आपण तपासतों, त्याच यादींत हें एक नांव वाढवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.